वाचकांचे प्रश्न : टोकामॅक सोडून फ्युजनच्या इतर वाटा

मागच्या अंकात मी टोकामॅकखेरीज फ्युजनच्या ज्या इतर वाटा शोधल्या जात आहेत, त्यांच्यावर लिहिलं होतं. फ्युजन म्हणजे हलकी अणुकेंद्रकं एकत्र जुळवून ऊर्जा मिळवणं. टोकामॅक म्हणजे कड्याच्या आकाराचं पोकळ पात्र. त्यात चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युत्भारित कणांचा वायू, भिंतीपासून दूर धरून ठेवतात, आणि फ्युजनवरचा मोठा सरकारी पैसा त्याच्यावरच खर्च होतो. लेखावर आलेली बहुतेक पत्रं कोल्हापूर आणि आसपासची आहेत. माझी नोकरीची सगळी वर्षं गुजरातेत प्लाझ्माच्या सिम्युलेशनवर गेली आणि आता मी राजारामपुरीत राहते, हे लेखाखाली छापलं होतं. त्यामुळं काहींनी घरी येऊनच प्रश्न दिले. त्यातल्या पाचांना इथं उत्तरं देते. पत्रं जागेपुरती कापली आहेत.

म्याडम, शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. इंडक्शन भट्टीचं लाइट बिल आता सोसवत नाही. अमेरिकेतली एक कंपनी २०२८ पासनं फ्युजनची वीज विकणार असं तुम्ही लिहिलंत. नवीन भट्टी घ्यायची आहे, तर आम्ही काय धरून चालायचं?
— एक फाउंड्रीवाले, शिरोली

फ्युजनची वीज धरून अजिबात चालू नका. नव्या भट्टीचा हिशेब आज मिळणाऱ्या विजेवर आणि शेडच्या पत्र्यावर बसेल तेवढ्या सोलरवरच मांडा. एक टन लोखंड वितळवायला पाच-सहाशे युनिट लागतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती युनिटं फ्युजनमधून येतील असं समजून कर्ज काढायची वेळ अजून आलेली नाही.

ती कंपनी म्हणजे हेलियन. मे २०२३ मध्ये तिनं मायक्रोसॉफ्टशी करार केला, २०२८ च्या सुमाराला ५० मेगावॅट वीज देण्याचा. त्याआधी २०२१ मध्ये उद्योजक सॅम ऑल्टमन यांनी एकट्यानं तिच्यात साडेसदतीस कोटी डॉलर घातले होते. २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात मलागा इथं वीजकेंद्राचं बांधकामही सुरू झालं. म्हणजे नुसत्या बाता नाहीत, पैसा आणि काँक्रीट दोन्ही ओतलं जातंय.

यंत्र कसं चालतं ते तुम्हाला चटकन कळेल, कारण त्यामागचं तत्त्व तुम्ही रोज वापरता. तुमच्या भट्टीच्या कॉइलमधला प्रवाह बदलत राहतो, त्यानं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि मुशीतल्या लोखंडात प्रवाह फिरून ते तापतं. हेलियनच्या नळीत दोन्ही टोकांना प्लाझ्माचा एकेक गोळा तयार करतात, दोन्ही मधोमध एकमेकांवर आदळवतात आणि कॉइलच्या क्षेत्रानं आवळतात. फ्युजन झालं की प्लाझ्मा फुगतो, क्षेत्राला बाहेर रेटतो आणि त्याच कॉइलमध्ये उलटा प्रवाह उभा राहतो. तीच वीज. वाफ नको, टर्बाइन नको. कल्पना म्हणून मला ही फार आवडते. एकेक ठोका मारून यंत्र सुधारत नेता येतं, त्यामुळं चुका लवकर कळतात.

पण २०२८ वर माझा विश्वास नाही. फ्युजनची कुठलीही बातमी वाचताना एकच विचारा : मीटर कुठं लावलाय? ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरनं २.०५ मेगाज्यूल ऊर्जा दिली आणि फ्युजनमधून ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. विज्ञानातली ती मोठी घटना आहे, मला त्या रात्री झोप लागली नाही. पण तो मीटर इंधनाच्या गोळीपाशी लावलेला होता. लेझर चालवायला ग्रिडमधून साधारण ३०० मेगाज्यूल घेतली होती. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून बांधत असलेल्या ईटर या मोठ्या टोकामॅकचंही तसंच : ५० मेगावॅट प्लाझ्मात घालून ५०० मेगावॅट मिळवायचं उद्दिष्ट आहे, पण ती सगळी उष्णता. यंत्राची स्वतःची वीज त्या हिशेबात नाही आणि वीज तयार करणं ईटरच्या कामातच नाही. तुमच्या फाउंड्रीत मीटर डीपीपाशी असतो, मुशीपाशी नाही. हेलियननं असो की आणखी कुणी, तसा डीपीपाशी मीटर लावून जास्तीची वीज दाखवली, की मी स्वतः शिरोलीला येऊन तुम्हाला सांगेन.

नमस्कार. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं, पण त्यांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. तरी आज भोगावतीकाठची शेती त्याच्यावर उभी आहे. मग फ्युजनवर पैसा घालताना इतक्या शंका का? आणि आपल्या देशानं तो पैसा ईटरसारख्या मोठ्या यंत्राला द्यावा की छोट्या प्रयोगांना?
— निवृत्त शिक्षिका, शाहूपुरी

बाई, तुमचं उदाहरण मनाला भिडलं, तरी ते इथं लागू करायला मी धजणार नाही. धरण बांधल्यावर पाणी अडणार हे महाराजांना पहिल्या दिवशी माहीत होतं. अडचण पैशाची आणि वर्षांची होती. फ्युजनच्या बऱ्याच पर्यायी वाटांवर पाणी अडेल की नाही हेच अजून ठरायचं आहे. म्हणून तिथं एकदम मोठा बांध घालण्याआधी चर खणून पाहायला पैसा हवा.

आपल्या होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून सांगितलं होतं की दोन दशकांत फ्युजनची ऊर्जा नियंत्रितपणे मिळवण्याची पद्धत सापडेल. ते व्हायचं अजून बाकी आहे, पण त्या विचारातूनच आपल्याकडं काम उभं राहिलं. गुजरातेतल्या गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा अनुसंधान संस्थेत १९८९ मध्ये 'आदित्य' हा आपला टोकामॅक सुरू झाला. भारत २००५ च्या डिसेंबरात ईटरमध्ये सामील झाला. आपला वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला बराचसा आपण वस्तू बनवून देतो. ईटरचं बाहेरचं अवाढव्य निर्वात पात्र, क्रायोस्टॅट, उंचीला आणि रुंदीला ३० मीटरच्या घरात, वजन ३,८०० टनांच्या आसपास, त्याचे भाग सुरतजवळ हझिऱ्याला लार्सन अँड टुब्रोनं तयार केले. स्टेनलेस स्टीलचं एवढं मोठं निर्वात पात्र जगात दुसरं नाही. हे जमलेले वेल्डर, हे निर्वात तंत्र देशात राहिलं, त्यामुळं ईटरवरचा आपला पैसा वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही. २०२४ च्या नव्या वेळापत्रकाप्रमाणं ईटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियमचे, म्हणजे हायड्रोजनच्या दोन जड प्रकारांच्या इंधनाचे, खरे प्रयोग २०३९ मध्ये व्हायचे आहेत. आज नववीत असलेली मुलगी तोवर तिशीकडं झुकलेली असेल.

माझं दुखणं दुसरं आहे. छोट्या, वेगळ्या कल्पनांना हात द्यायला आपल्याकडं पुरेशी थैली नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये ऊर्जा खात्याच्या एका विभागानं नऊ छोट्या प्रकल्पांना मिळून तीन कोटी डॉलर दिले. पुढं २०२३ मध्ये आठ कंपन्यांना ४ कोटी ६० लाख डॉलर ठरवले आणि अट घातली की आधी टप्पा गाठा, पडताळून दाखवा, मग पैसे घ्या. ईटरच्या खर्चापुढं या रकमा किरकोळ आहेत. मला ही पद्धत योग्य वाटते. यात कल्पना वेगळी असल्यामुळं कुणी अडवत नाही, आणि आकडा न दाखवता पुढचा हप्ताही मिळत नाही.

आपल्याकडं हे करायला माणसं आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे, तिथल्या मुलांना निर्वात पंप हाताळता येतो. उद्यमनगरात तुम्ही नकाशा द्या, स्टीलचा फ्लँज तुम्हाला कातून मिळतो. एका विद्यापीठाला छोटं प्लाझ्मा यंत्र उभारायला आणि पाच वर्षं दोन-तीन संशोधक पोसायला किती लागेल? ईटरमधल्या आपल्या वाट्याचा तो कोपराही नाही. देशातल्या दहा विद्यापीठांना असं दिलं तर त्यातली आठ यंत्रं काही सिद्ध करणार नाहीत, आणि तरीही तो पैसा सत्कारणी लागेल, कारण त्या यंत्रांवर मुलं शिकतील. बाई, तुमच्या हातून इतकी मुलं गेली. त्यातला कुणी आमदार-खासदार झाला असेल तर त्याच्या कानावर हे जरूर घाला.

बोरॉनच्या फ्युजनमध्ये किरणोत्सर्ग होत नाही हे खरं आहे का? मग सगळे तेच का करत नाहीत?
— इयत्ता दहावी, कागल

जवळजवळ खरं आहे. प्रोटॉन आणि बोरॉन-११ एकत्र आले की हेलियमची तीन अणुकेंद्रकं मिळतात आणि ८.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. (इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे कणांच्या ऊर्जेचं माप; प्लाझ्माचं तापमानही त्यात सांगतात.) मुख्य अभिक्रियेत न्यूट्रॉन नाही, आजूबाजूच्या अभिक्रियांतून अगदी थोडे निघतात. ड्युटेरियम-ट्रिटियममध्ये मात्र १७.६ पैकी १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट न्यूट्रॉन घेऊन जातो. त्याच्या माऱ्यानं यंत्राचं धातूचं अंग हळूहळू किरणोत्सारी होतं.

अडचण तापमानाची. ड्युटेरियम-ट्रिटियमला १० ते १५ कोटी अंश पुरतात, बोरॉनला शंभर कोटींच्याही कितीतरी वर जावं लागतं. एवढ्या तापलेल्या प्लाझ्मात इलेक्ट्रॉन बोरॉनच्या पाच विद्युत्भारांच्या केंद्रकाजवळून जाताना वळतात आणि क्ष-किरण सोडतात. जेवढी ऊर्जा फ्युजनमधून येते जवळपास तेवढी अशी निघून जाते. टॉड रायडर यांनी १९९५ मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात हा हिशेब सविस्तर मांडला आणि त्यातून सुटायच्या बऱ्याच पळवाटाही तपासल्या. त्या हिशेबातून वाट काढायची खटपट तेव्हापासून चालू आहे. टीएई ही कंपनी १९९८ पासून त्याच ध्येयामागं आहे. २०२३ मध्ये तिच्या आणि जपानी शास्त्रज्ञांच्या गटानं जपानमधल्या एका मोठ्या यंत्रात प्रोटॉन-बोरॉनच्या अभिक्रिया प्रत्यक्ष मोजल्या. अभिक्रिया होते हे दिसलं. घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळणं अजून फार दूर आहे. तू बारावीला गणित सोडू नकोस, एवढंच सांगते.

ताई, मी कंप्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पॉलीवेलचं सिम्युलेशन करायचं आहे. माझ्याकडं सोळा जीबीचा लॅपटॉप आहे. गाइड म्हणतात सुपरकंप्युटरशिवाय होणार नाही. करू की नको?
— कळंबा, कोल्हापूर

कर. पण काय करणार आहेस ते आधी नीट ठरव.

पॉलीवेल म्हणजे घनाच्या सहा बाजूंवर सहा गोल कॉइल. आत इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायचे आणि त्यांच्या ऋणभाराच्या ओढीनं आयन मध्यभागी वेगानं आणायचे, ही रॉबर्ट बुसार्ड यांची कल्पना. अमेरिकन नौदलानं तिला वर्षानुवर्षं पैसा दिला. २००५ च्या शेवटी त्यांच्या डब्ल्यूबी-६ या यंत्रानं मोजके न्यूट्रॉन दाखवले आणि लगेच कॉइल शॉर्ट होऊन ते यंत्र संपलं. पूर्ण आकाराच्या यंत्राला वीस कोटी डॉलरच्या आसपास लागतील असं सांगत ते फिरत राहिले. ऑक्टोबर २००७ मध्ये ते गेले. २०१५ मध्ये जेयंग पार्क आणि सहकाऱ्यांनी फिजिकल रिव्ह्यू एक्स या नियतकालिकात दाखवलं की प्लाझ्माचा दाब पुरेसा वाढला की वेगवान इलेक्ट्रॉन आत जास्त चांगले कोंडले जातात. तो प्रयोग कोंडण्याचा होता, फ्युजनचा नव्हता. त्याच सुमाराला नौदलाचा पैसाही थांबला. सगळा वाद एका जागी येऊन अडतो : कॉइलच्या मधल्या फटींतून इलेक्ट्रॉन किती गळतात?

आता तुझ्या गाइडचं म्हणणं. सिम्युलेशनमध्ये आपण जागेची चौकटी करतो आणि कणांना त्यात पळवतो. चौकटीचं घर डिबाय लांबीएवढं तरी बारीक हवं. डिबाय लांबी म्हणजे प्लाझ्मात एखाद्या विद्युत्भाराचा प्रभाव जेवढ्या अंतरात झाकला जातो ते अंतर. अणुभट्टीच्या प्लाझ्मात, घनमीटरला १०²⁰ कण आणि दहा हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट तापमान धरलं, तर ती सुमारे ०.०७ मिलिमीटर येते. एक घनमीटर जागेला अडीच लाख कोटी घरं झाली. वर इलेक्ट्रॉन सेकंदाला नऊ हजार कोटी वेळा थरथरतात, तेही पकडायचं. ते तुझ्या लॅपटॉपवर होणार नाही, इथं तुझे सर बरोबर आहेत.

म्हणून लोक दोन सवलती घेतात आणि दोन्हींत धोका आहे.

पहिली सवलत, घर मोठं करणं. घर डिबाय लांबीच्या कितीतरी पट झालं की नेहमीच्या पद्धतीच्या कोडमध्ये प्लाझ्मा आपोआप तापायला लागतो. बाहेरून काही घातलेलं नसतं, तरी तापमान चढत जातं, आणि डिबाय लांबी घराच्या मापाजवळ पोचेपर्यंत चढतच राहतं. पडद्यावर तापलेला सुंदर प्लाझ्मा दिसतो आणि ती सगळी ऊर्जा कोडनं हवेतून काढलेली असते. माझ्या नोकरीच्या काळात नव्या मुलांना मी पहिलं काम हेच देत असे : क्षेत्र बंद, हीटिंग बंद, नुसता एकसारखा प्लाझ्मा पेटीत ठेव आणि एकूण ऊर्जेचा आलेख काढ. रेघ आडवी राहिली तर पुढचं बोलू. गुंतवणूकदारांपुढं रंगीत चित्रं फिरवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडं हा आलेख मागायला हवा, असं मला फार मनापासून वाटतं.

दुसरी सवलत, आयनचं वजन खोटं धरणं. ड्युटेरियमचा आयन इलेक्ट्रॉनच्या सुमारे ३,६७० पट जड. वेळ वाचवायला लोक शंभर पट धरतात. पुष्कळ प्रश्नांत त्यानं फारसं बिघडत नाही, पॉलीवेलमध्ये मात्र प्रश्नच बदलतो. गळतीच्या फटीची रुंदी इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय रेषेभोवती फिरण्याच्या त्रिज्येएवढी आहे, की इलेक्ट्रॉन आणि आयन दोघांच्या त्रिज्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाएवढी, हाच जुना वाद आहे. दोघांचं तापमान सारखं धरलं तर खऱ्या वजनाला या दोन उत्तरांत जवळजवळ आठ पटींचा फरक पडतो. शंभर पट वजन धरलंस की फरक जेमतेम तीन पटींवर येतो. म्हणजे ज्या फरकासाठी सगळा खटाटोप, तोच तू पुसून टाकलास.

तू असं कर. सहा कॉइल सोड. एकमेकींविरुद्ध प्रवाह वाहणाऱ्या दोनच कॉइल घे, म्हणजे अक्षाभोवती सममिती मिळते आणि दोन मितींत काम भागतं. घनता घनमीटरला १०¹⁵ आणि तापमान १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट धर. डिबाय लांबी २.३ मिलिमीटरच्या जवळ येईल. तीस सेंटिमीटरच्या पेटीला १२८ गुणिले १२८ घरं पुरतील. घराला शंभर कण धरले तर सोळा लाखांच्या वर इलेक्ट्रॉन आणि तेवढेच आयन. हे तुझ्या मशीनला पेलतं. वार्पएक्स, स्मायली हे कोड फुकट मिळतात. त्यातला एक निवड आणि आधी त्याची चाचणी उदाहरणं चालवून बघ. मग आयनचं वजन १००, ४००, १,६०० आणि खरं, असं बदलत जा आणि दर वेळी गळती मोज. गळती वजनाबरोबर कशी बदलते याचा एक आलेख, त्याखाली ऊर्जेचा आलेख. प्रोजेक्ट तेवढाच. त्यातून पॉलीवेल चालेल की नाही हे कळणार नाही, पण इतरांच्या सिम्युलेशनवर किती विश्वास ठेवायचा हे तुला नक्की कळेल.

सिम्युलेशन खरं ठरल्याचंही एक उदाहरण देते, नाहीतर तू हिरमुसशील. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डचं वेंडेलस्टाइन ७-एक्स हे फ्युजनचं यंत्र. त्याच्या ५० मुख्य कॉइल अशा पिळलेल्या आहेत की कुणी हातानं तसा आकार काढूच शकणार नाही. तो संगणकानं शोधून काढला. २०१५ च्या डिसेंबरात पहिला प्लाझ्मा झाला. चुंबकीय क्षेत्र मोजलं तेव्हा आराखड्यापेक्षा फरक एक लाखात एकाहूनही कमी निघाला. २०२३ मध्ये त्यांनी आठ मिनिटं सलग प्लाझ्मा टिकवला. तिथं संगणकानं आधी सांगितलं, मग कारखान्यानं घडवलं, मग मोजमापानं पडताळलं. पॉलीवेलच्या बाबतीत हा क्रम कुणीच पुरा केलेला नाही.

सरांना हे उत्तर दाखव. त्यांना शंका असेल तर दोघं घरी या.

आमच्या भागात एका हॉटेलात कार्यक्रम झाला. 'कोल्ड फ्युजन'वर चालणारा पाण्याचा हीटर दाखवला, विजेपेक्षा तिप्पट उष्णता देतो म्हणाले. एजन्सीसाठी अडीच लाख भरायचे आहेत. भावानं निम्मे भरले पण. काय करावं?
— गांधीनगर, ता. करवीर

उरलेले भरू नका.

२३ मार्च १९८९ ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी खोलीच्या तापमानाला फ्युजन झाल्याचं जाहीर केलं. जगभरच्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं, खात्रीनं कुणालाच साधलं नाही. गूगलनं २०१५ पासून चांगले शास्त्रज्ञ आणि पैसा लावून पुन्हा तपासलं. २०१९ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष छापला : पुरावा सापडला नाही. ज्याचा प्रयोगशाळेत पुरावा नाही त्याचा हीटर बाजारात असू शकत नाही.

तिप्पट उष्णतेला भुलू नका. साधा हीट पंपही विजेच्या तिप्पट उष्णता पाण्याला देतो, कारण उरलेली तो हवेतून ओढून घेतो. तो दुकानात उघड मिळतो आणि त्याला फ्युजनचं नाव लागत नाही. तुम्हाला दाखवलेल्या पेटीत तोच असेल, किंवा तोही नसेल.

हीटर घरी आणून दिला असेल तर प्लगला युनिट मोजणारा मीटर लावा. शंभर लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला साध्या हीटरला साधारण साडेतीन युनिट लागतात. किती पाणी, सुरुवातीचं तापमान, शेवटचं तापमान, मीटरचे दोन्ही आकडे, हे तारीख-वेळ घालून वहीत लिहा आणि फोटो काढून ठेवा. भावाची पावती, बँकेचा उतारा, कार्यक्रमाचं पत्रक जपून ठेवा आणि पैसे परत मागणारं पत्र आधी स्पीड पोस्टानं पाठवा. ग्राहक आयोगाकडं जायची वेळ आली तर या नोंदींचा अर्थ काय होतो ते मी सहीनिशी लिहून देईन. येताना भावालाही घेऊन या, रागावणार नाही.